पांढऱ्या बत्तीची गाडी

सोळा सालच्या उन्हाळ्यात माणसं घागरभर पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडत होती, पण रामहरीच्या टँकरच्या तळाला थोडं पाणी कायम असायचं. त्याचं कारण साधं होतं. टाकी मधोमध खचलेली. गावच्या विहिरीत कितीही रिकामी करा, तळाचं पाणी बाहेर यायचं नाही. गाडी चढावर तोंड वर करून उभी केली, तरच ते मागं सरकून तोटीतून पडायचं. टँकरचे मालक, पडेगावचे काकासाहेब, शेताचे प्लॉट पाडून विकण्यात दंग. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "तळाचं तुझं. काय करायचं ते कर."

रामहरी त्या पाण्यावर बापाची मेंढरं जगवत होता.

त्याचा बाप, आप्पा, देवगाव रंगारीच्या अलीकडं पडीक रानात चाळीसेक मेंढरं घेऊन एकटाच बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचा, "मग मेंढरं तू राखतो का?" रामहरी कसला राखतोय? त्यानं काठी टाकली, वाळूजला कंपनीत राबला, मग स्टेअरिंग धरलं. खाकी शर्टाला मेंढराचा वास येऊ नये म्हणून केवढा जपायचा! पण दिवेलागणीला शेवटची खेप टाकून परतताना रस्त्यातल्या मोरीपाशी तो थांबणारच. पुढं चढ होता, मागं प्लास्टिक अंथरलेला खड्डा. आप्पाला लांबून पिवळे दिवे दिसायचे, त्यातला डावा जरासा आभाळाकडं बघणारा. ते दिसले की निघालाच मेंढरं हाकत. त्याचा मोबाइल रानात चार्ज कुठं होणार? तो रामहरीच्या केबिनमध्येच लटकलेला असायचा. म्हणजे बापलेकांचा संपर्क काय तो त्या दोन दिव्यांवर.

एका संध्याकाळी घात होता होता राहिला. काळी मेंढरं, काळी घोंगडी, काळं डांबर आणि जुन्या बल्बचा गुळवण्यासारखा उजेड. रामहरीनं करकचून ब्रेक मारला तेव्हा आप्पाची घोंगडी बंपरला घासली होती. माणूस घाबरला की ओरडतो तसा रामहरी ओरडला.

"इका ती मेंढरं! एक दिस माज्याच हातानं मराल तुमी!"

आप्पानं घोंगडी झटकली. मेंढरांना पाणी पाजलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रामहरी गाडी घेऊन थेट मुनीरभाईच्या दुकानात. मुनीरभाई म्हणजे पडेगावातला गाड्यांची वायरिंग करणारा माणूस. हेडलाइटला पांढरे लख्ख झेनॉन बल्ब, खालच्या फॉग लाइटलाही झेनॉन. आता बघा, दोन वर्षं आभाळात ढग नाही आणि गाडीला धुक्याचे दिवे! पण फुफाट्यात ते कामाला येतात म्हणे. मुनीरभाईनं डाव्या दिव्याचा तिरळेपणाही काढला. "काच पुरानी है रामहरीभाई, उजाला ऊपर फैलेंगा. सामनेवाले की आँख में जाएंगा," असं बजावलंही. रामहरी म्हणाला, "जाऊ द्या. मला समोरचं दिसल्याशी मतलब."

आणि दिसलं की! मोरीजवळचा खडा न् खडा दिसला. आप्पा तेवढा दिसला नाही.

रामहरीनं वाट पाहिली, हॉर्न मारला, शेवटी पाणी खड्ड्यात सोडून गेला. पुढल्या संध्याकाळी येऊन बघतो तर कालचं पाणी तसंच. काठावर एका खुराचाही ठसा नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. बोललो मी, आणि राग मुक्या जितराबावर? मोबाइलची बत्ती लावून तो रानात घुसला.

ओढ्याच्या घळीत मेंढरं एकमेकांत माना खुपसून उभी होती. आप्पा कुत्र्याचं तोंड दाबून बसला होता.

"कोण हाय? म्होरं आला तर टकुरं फोडीन!"

"आप्पा, मी रामहरी."

आप्पाच्या हातातली काठी खाली आली. "कुटं मेला हुता रं दोन दिस? हितं मेंढरं चोरणारी गाडी फिरायलीय. पांढऱ्या बत्तीची. बराबर आपल्या खड्ड्यावर हुबी ऱ्हाती, भोंगा वाजविती. खड्ड्यात पाणी बी टाकून गेली. काय कालवलं आसंल, कुणाला ठावं? मेंढरं तिकडं वढ घेत व्हती. कशी आडवली माजं मला म्हाईत."

रामहरीनं मोबाइलची बत्ती खाली केली. "आप्पा, ती गाडी माजीच हाय. दिवं बदललं. तुमी दिसावं म्हणून."

आप्पानं कुत्र्याचं तोंड सोडलं. "मी तुला दिसावं म्हणून बदललं व्हय. आन् तू मला कसा दिसायचा?"

चांगलाच उजेड पाडला होता रामहरीनं. भुरी नावाची म्हातारी मेंढी उठेना. खाकी शर्टासकट त्यानं तिला खांद्यावर घेतलं, पाण्याशी आणलं, ओंजळीनं पाजलं. बाकीच्यांनी खड्डा चाटूनपुसून रिकामा केला. भुरीनं मात्र सकाळ पाहिली नाही. आप्पानं तिला पुरलं आणि रामहरीला एका शब्दानं दोष दिला नाही. त्याचंच रामहरीला जास्त लागलं.

झेनॉन काही त्यानं काढले नाहीत. अंधारात बाप पुन्हा बंपरखाली आला असता तर? पण दुसऱ्या दिवशी मोरीशी गाडी लावली आणि सगळे दिवे बंद केले. मग केबिनमधला, देवाच्या फोटोवरचा बारका पिवळा बल्ब लावला, दार उघडं टाकलं आणि तोंड त्या उजेडात धरून तो बसून राहिला. मेंढरं हाकताना घालतात ती हाळी त्यानं कित्येक वर्षांनी घातली. आवाज चिरकला, पण चढावरून खुरांचा आवाज आला.

आप्पा दाराशी आला, डोळे बारीक केले.

"त्वांड काय दिसत नाय," तो म्हणाला. "पर तूच हाय. सोड पाणी."