भिंत कुटं हाय?

११ मार्च २०२४ रोजी साळूबाईंनी आमच्या पतसंस्थेतली ठेव मोडून दोन लाख चौतीस हजार पाचशे रुपये काढले. मुदत पूर्ण व्हायला पाच महिने बाकी होते. व्याजाचं नुकसान होत होतं, म्हणून व्यवस्थापक या नात्याने मी कारण विचारलं.

"होडीत बसायचंय," त्या म्हणाल्या.

"अहो, मग मुळशीच्या पाण्यावर बसा की. दोन-तीनशे रुपयांत काम होईल."

"तितं न्हाई बसता यायचं, म्यानेजर. तितं पाण्याखाली आमची चूल हाय."

साळूबाईंचं माहेर मुळशी धरणाच्या काठावरचं. मूळचं गाव धरणात गेलं आणि माणसं सामान उचलून वर सरकली, ती तिथेच राहिली. त्यांच्या आजीने घरातल्या पोरींना बजावून ठेवलं होतं, की या पाण्यावर होडीत पाय ठेवायचा नाही. खाली आपली घरं आहेत. आपल्याच चुलीवरून, आपल्याच देव्हाऱ्यावरून कुणी जातं का? भाऊ मात्र मासे धरायला खुशाल जायचे. नियम पोरींना होता आणि साळूबाईंनी तो पाळला. रोज पाणी समोर, होडी खुंटीला बांधलेली आणि ही पोर काठावर उभी.

लग्न होऊन त्या भुकूमला आल्या. म्हशी पाळल्या, दूध घातलं, नवरा गेल्यावर जमिनीचा एक तुकडा विकून खोल्या बांधल्या. आता त्या खोल्यांत आयटीतली पोरं राहतात. एक तारखेला भाडं देणाऱ्याला साळूबाईंकडून भाकरी आणि ठेचा मिळतो, उशीर करणाऱ्याला नुसताच ठेचा, तोही तोंडाने. सगळं मनासारखं झालं, होडी तेवढी राहिली होती. पुतण्या शंभू स्वित्झर्लंडच्या सहलीचं माहितीपत्रक घेऊन आला, तेव्हा त्यांनी पांढऱ्या बोटीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे पाणी कुणाचं?"

"स्वित्झर्लंडचं, काकी."

"म्हंजी आपलं कुणी न्हाई खाली?"

"आपलं कोण मरायला जातंय तितं!"

दुसऱ्या दिवशी त्या ठेव मोडायला आल्या. मी, माझी पत्नी रजनी आणि शंभूही त्याच सहलीला जाणार होतो. सगळी मंडळी भुकूम, भूगाव, पौडकडचीच.

मे महिन्यात आम्ही झुरिकला उतरलो. हिरवं नऊवारी, त्यावर नातवाचा लोकरी कोट आणि पायात पांढरे बूट अशा वेशात साळूबाई पहिल्या तासापासून रंगात आल्या. चकचकीत रस्ते बघून म्हणाल्या, "हितं माणसं ऱ्हात्यात का नुसती पुसत्यात?" कुरणातल्या गायीच्या गळ्यातली घंटा बघून त्यांनी बस थांबवायला लावली, गायीची कास लांबूनच न्याहाळली आणि दूध किती देत असेल याचा आकडा जाहीर केला. शंभूने जास्त आकडा सांगितला. दोघांचं भांडण पुढचा डोंगर येईपर्यंत चाललं. पण मधूनमधून त्या आमच्या सहलप्रमुख जुईलीला एकच प्रश्न विचारायच्या, "पोरी, होडी कवा?"

होडी चौथ्या दिवशी होती. लुसर्नच्या धक्क्यावरून बोटीने निघायचं, वाटेत विट्झनाऊ नावाच्या गावी उतरायचं आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगी डोंगरावर बर्फ बघायला जायचं, असा कार्यक्रम. सकाळचं ऊन, निळंगार पाणी, चारी बाजूंनी डोंगर आणि धक्क्याला लागलेली पांढरीशुभ्र बोट. साळूबाई टाळ्या वाजवत पुढे धावल्या आणि फळीच्या अलीकडे थबकल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"भिंत कुटं हाय?"

"कसली भिंत, आजी?" जुईलीने विचारलं.

"धरणाची."

"धरण नाहीये हे. नैसर्गिक सरोवर आहे."

"पाणी आपलं आपण थांबलंय व्हय?"

"हो! हजारो वर्षांपूर्वी इथं बर्फच बर्फ होता. तो सरकला, वितळला आणि..."

"ते ऱ्हाऊ दे. कुणाची गावं गेली ते सांग."

"कुणाचीच नाही हो!"

"तुला काय म्हाईत? तू कोथरूडची."

जुईली खरोखरच कोथरूडची होती, त्यामुळे ती घड्याळात बघायला लागली. शंभू म्हणाला, "काकी, असली गावं तरी ती गोऱ्यांची. आपल्याला काय त्याचं?"

"आपली चूल तुडवायची न्हाई आन दुसऱ्याची तुडवायची? गोऱ्याची बाई काय चूल पेटवत न्हाई? भिंत न्हाई म्हना, मी बसते. भिंत आसंल तर मी हितंच बाकड्यावर बसते. तुमी जाऊन या."

दुसऱ्या कुठल्या गावची मंडळी असती तर हसली असती. आमच्यातलं कुणी हसलं नाही. आमच्या तालुक्यात एवढं पाणी दिसलं की त्याला कुठेतरी भिंत असतेच. खरं सांगतो, माझी नजरही डोंगरांच्या फटीफटीतून भिंत शोधायला लागली होती. भूगावच्या दोघी बायका तर टाचा उंचावून बघत होत्या.

"बोटीला अजून अर्धा तास आहे," जुईली काकुळतीला येऊन म्हणाली, "तोपर्यंत पटवा यांना कुणीतरी."

दहा मिनिटं पटवण्यात गेली, तेवढ्यात मधेच फोटो काढायला शहरात सटकलेला शंभू धापा टाकत परत आला.

"काकी, घावली! भिंत घावली!"

जुईलीने कपाळाला हात लावला. साळूबाईंचा चेहरा मात्र एकदम उतरला. एवढा वेळ त्या भिंत भिंत करत होत्या, पण ती सापडू नये असंच त्यांना वाटत असणार. त्या बाकड्यावर बसल्या, कोटाची बटणं लावली, उघडली. इतका पैसा, इतकं लांबचं येणं, आणि पुन्हा काठच नशिबी.

"म्हनलं न्हवतं मी?" त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "दाव मला."

आम्ही सगळेच निघालो. पुढे शंभू, मागे साळूबाई, त्यांच्यामागे आमची आख्खी वरात आणि शेवटी लाल छत्री उंच धरून "वीस मिनिटं! फक्त वीस मिनिटं!" असं ओरडणारी जुईली. सरोवराचं पाणी शहरातून नदी होऊन बाहेर पडतं. त्या नदीच्या काठाने, राजहंसांना चुकवत आम्ही गेलो. आणि खरोखरच तिथे पाणी अडवलेलं होतं. लाकडी दांडे एकाला एक लावून नदीत आडवी ओळ उभी केली होती. फटींमधून पाणी फेसाळत पलीकडे पडत होतं.

जुईलीने शेजारची पाटी वाचली. "सरोवराची पातळी सारखी राखायला आहे हे."

साळूबाई कठड्यावरून वाकल्या. अलीकडचं पाणी बघितलं, पलीकडचं बघितलं.

"शंभ्या, ही?"

"हीच की. पाणी अडवलंय न्हवं?"

"आरं मुडद्या, हिला भिंत म्हंत्यात? आपल्या गोठ्याचं कुंपान हिच्याहून उंच हाय! हिनं गाव बुडंल? हिनं कोंबडं बी बुडायचं न्हाई!"

आणि त्या अशा हसल्या, की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. भूगावच्या बायका हसायला लागल्या, रजनी हसायला लागली, समोरून येणारं एक गोरं जोडपं काही न कळता हसायला लागलं. शंभू एकटाच "पण तांत्रिकदृष्ट्या भिंतच हाय," म्हणत राहिला.

"म्यानेजर, टाईम किती झाला?"

"बोटीला आठ मिनिटं आहेत."

साळूबाईंनी ओचा खोचला आणि पळत सुटल्या.

सदुसष्ट वर्षांची बाई इतकी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. मी इतका पळू शकतो हेही माहीत नव्हतं. लोक बाजूला होऊन वाट देत होते, एका दुकानदाराने टाळ्या वाजवल्या, राजहंस पाण्यात पळाले. धक्क्यावर खलाशी फळी काढायला वाकला होता. हिरवं नऊवारी अंगावर धावून येताना बघून तो तसाच वाकलेला राहिला. साळूबाईंनी फळी ओलांडली, खाली बसून बोटीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "चल आता."

बोट हलली तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "चाललं! म्यानेजर, जमीन चालली मागं!" मग मनगट सोडलं आणि त्या कुणाच्या हाती लागल्या नाहीत. वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला, इंजिनाच्या काचेपाशी. हसणाऱ्या त्या गोऱ्या जोडप्याला बोटीवर ओळखून त्यांनी भाकरीचा तुकडा आणि ठेचा दिला. गोरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने दुसरा तुकडा मागितला. "भाडं येळेवर देत आसनार," साळूबाई म्हणाल्या.

विट्झनाऊ आलं. सगळे उतरायला लागले.

"चला, साळूबाई. बर्फ बघायचाय ना?"

"बर्फ माझ्या फ्रीजमधी बी हाय. होडी फुडं जातीया का?"

"जाते. शेवटच्या टोकापर्यंत."

"मग मी बी जातीया."

जुईली समजावून थकली. शेवटी रजनी मला म्हणाली, "तुम्ही थांबा हो यांच्याबरोबर. मला मात्र बर्फ हवाय," आणि सोळा वर्षांच्या मुलीसारखी उडी मारून धक्क्यावर गेली. मागे वळून तिने हातही हलवला नाही.

पुढच्या तिकिटांचे पैसे मी भरले. साळूबाईंच्या बटव्यात फक्त रुपये होते.

पुढे सरोवर अरुंद होत गेलं. डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, माथ्यावर बर्फ. साळूबाई बराच वेळ पुढच्या कठड्यापाशी ओणव्या होऊन खाली बघत होत्या.

"आजी म्हनायची, पाण्यावर गेलं की खालचं दिसतं. छपरं दिसत्यात, उंबरा दिसतो." त्यांनी अजून वाकून बघितलं. "हितं काय बी न्हाई. नुसतं पाणी हाय हो! किती पाणी हाय!"

बोट शेवटच्या गावी लागली. खलाशाने उतरायची खूण केली. साळूबाईंनी त्याला बोटाने गोल काढून दाखवला, म्हणजे परत फिरव. तो हसला आणि त्याने तोच गोल काढून दाखवला. परतीच्या वाटेवर त्या पुढच्या टोकाला उभ्या राहून समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करत होत्या. दुसऱ्या बोटीनंतर मीही करायला लागलो.

त्या तिकिटांपैकी साळूबाईंच्या वाट्याचे पैसे त्यांनी भुकूमला परतल्यावर दोन वेळा मिळून आणून दिले. दोनशे दहा रुपये अजून येणे आहेत.