अण्णांनी दाबलेला ब्रेक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वडवणीत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. तार तुटली की करंट पुढे जात नाही, एवढं साधं माझं डोकं. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की चेष्टा करणारा पहिला मीच. म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले...

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभं आयुष्य ट्रक चालवला. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या ऊसतोड टोळ्या बायका-लेकरांसकट, बिऱ्हाडासकट कारखान्यावर पोचवायच्या. एकदाही अपघात नाही. धाकटी बहीण शीतल विमानात केबिन क्रू झाली तेव्हा ते अख्ख्या स्टँडवर सांगत फिरले, "मी ड्रायव्हर, पोरगी कंडक्टर निघाली." शीतल फोनवर चिडायची, आणि ते आणखी चिडवायचे.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली, म्हणून मी दुकानाचं शटर ओढून जेवायला घरी आलो. बाहेर कडक ऊन. अण्णा बाजेवर झोपले होते आणि उजवा पाय शेजारच्या लोखंडी पेटीला लावून जीव खाऊन रेटत होते. भरलेली पेटी फरशीवर करकरत सरकत होती. दोन्ही हात स्टेअरिंग धरल्यासारखे. झोपेतच बोलणं चाललेलं — "टेकव की बे... अर्धा रस्ता वरच्या वर गेला... पाणी लई हाय... घसरायली, घसरायली..."

मला आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि घाबरलो. खांदे धरून गदागदा हलवलं. ते जागे झाले, पाय पेटीवरून सुटला आणि त्यांनी माझी कॉलर धरली.

"कावून उठवलंस? थांबली न्हवती अजून."

"सपान पडलं तुमाला, अण्णा. पाणी प्या."

पाणी घेतलं नाही. "मागं माणसं होती रे," एवढंच म्हणाले.

तासाभराने फोन आला. शीतलचं विमान दक्षिणेकडच्या एका विमानतळावर भर पावसात उतरलं, आणि धावपट्टी संपली तरी थांबलं नाही. पुढच्या उतारावरून खाली गेलं. बरेच प्रवासी वाचले. शीतलची सीट पुढच्या दाराजवळ होती. ती गेली. वेळ विचारली तर मी घरात आलो तीच.

तिला आणायला मला एकट्यालाच जावं लागलं, कारण अण्णांना पाय टेकवता येत नव्हता. तळवा काळानिळा पडलेला. नंतर बीडला एक्स-रे काढला तर टाचेच्या हाडाला तडा. "कुठून उडी मारली का?" डॉक्टरांनी विचारलं.

पुढे कधीतरी चौकशीचा अहवाल आला, इंग्रजीतला. मी समोर बसून अण्णांना तो मराठीत सांगितला. मागून वारा होता. विमान फार पुढे जाऊन टेकलं, अर्धी धावपट्टी हवेतच संपली. तेव्हाच परत वर न्यायला हवं होतं, नेलं नाही. ब्रेक उशिरा लागले. धावपट्टीवर पाणी होतं, चाकं त्यावरून घसरत गेली. अण्णा नुसती मान हलवत होते. त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं.

एक वाक्य मात्र मी गाळलं. शेवटच्या टप्प्यात ब्रेकवरचा दाब काही क्षण अचानक नाहीसा झाला. त्याचं कारण निश्चित करता आलेलं नाही.

कागद मिटले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"ब्रेक मधीच सुटला, त्ये लिवलंय का त्यात?"

"न्हाई, अण्णा."

"बरं झालं," ते म्हणाले. "तू काय जाणून उठवलंस व्हय रे... आता घोर नको लावून घेऊ."

शीतल गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांसमोर रडलो नव्हतो. त्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान लेकरासारखा रडलो.

ते वाक्य मी बायकोलाही वाचून दाखवलेलं नाही. अहवाल लिहिणाऱ्या एवढ्या शिकलेल्या माणसांना त्याचं कारण सापडलं नाही. मलाही सापडलेलं नाही... आणि सापडू नये, एवढंच मागणं आहे.