भिंतीवरची रेघ

तिच्या दुकानात फक्त गाड्यांच्या दिव्यांची कामं होत. इंजिन, ब्रेक असलं काही घेऊन कोणी आलं की ती शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवी. त्यामुळे सगळा रस्ता तिला दिवेवाली म्हणे. एकटा तिचा थोरला भाऊ तिला अजून छोटी म्हणायचा. छोटीचे कानामागचे केस पांढरे झाले होते, पण दादाच्या हिशोबी ती मोठी व्हायला तयारच नव्हती.

दुकानासमोर मोकळं अंगण आणि पलीकडे गोदामाची लांबलचक भिंत. भिंतीवर तिने खडूने आडवी रेघ मारून ठेवली होती. गाडी अंगणात लावायची, दिवे चालू करायचे आणि उजेडाची वरची कड बरोबर रेघेवर आणायची. कड वर गेली तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅलोजन काढून एलईडी बसवायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे ऐकवल्याशिवाय सोडत नसे. "नीट बसवला नाही तर उजेड तुम्हाला आणि शिव्याही तुम्हालाच," असं वर म्हणायची.

दादा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. थंडीच्या दिवसांत तो मुलं गोळा करायला निघे तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असे. वहिनी गेल्यापासून ती व्हॅन म्हणजेच त्याचं घर झालं होतं. मागच्या सीटवरची भांडणं मिटवायची, कोणाचा डबा विसरला तर गाडी परत फिरवायची, यात त्याचा दिवस मजेत जाई. छोटीला गाडी शिकवली तीही त्यानेच, शेजारी बसून, एकदाही आवाज न चढवता. तिने गाडी त्याच्या घराच्या फाटकावर घातली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "फाटकानं बाजूला व्हायला हवं होतं."

यंदा मात्र त्याने दिव्यांचं तुणतुणं लावलं होतं. म्हणे उजेडच पडत नाही. तिने काचा घासून लख्ख केल्या, वायरी तपासल्या, नवे हॅलोजन बल्ब घातले. दादाचं समाधान होईना. शेवटी एका संध्याकाळी तो स्वतःच एलईडीची जोडी घेऊन हजर झाला.

"या म्हातारीला आता हे दागिने?" ती जुन्या व्हॅनकडे बघत म्हणाली.

"म्हातारीला काय हौस नसते? बसव."

तिने बॉनेट उघडलं. मागचं रबरी टोपण काढून, क्लिप सोडवून हॅलोजन बल्ब बाहेर घेतला. काचेला बोट न लावता, सवयीने. एलईडी बसवला, त्याच्या उजेड देणाऱ्या दोन्ही चकत्या बरोबर आडव्या बाजूंना येतील असा फिरवला. दुसराही झाला. मग बॉनेटखाली डोकं खुपसून तिने उजेड वर-खाली करायचा स्क्रू धरला आणि सीटवर बसलेल्या दादाला म्हणाली, "लाव. कड रेघेवर येते का बघ."

"जरा खाली घे. अजून. बस, बस. अगदी रेघेवर."

हात पुसत ती सरळ झाली आणि भिंतीकडे वळली. पांढराशुभ्र उजेड पडला होता. रेघ मात्र नव्हती. दुपारीच रंगाऱ्यांनी ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवून काढली होती. कामाच्या गडबडीत ती ते साफ विसरली होती.

"दादा, रेघ दिसली तुला?"

"न दिसायला काय झालं? ही काय समोर."

रोज पहाटे त्या व्हॅनमध्ये चढणारी मुलं तिच्या डोळ्यांसमोर आली. ती खिडकीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "भिंत आज रंगवली, दादा. रेघ नाहीये तिथे."

दादाने दिवे बंद केले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. समोरून गाडी आली की नुसता धुरकट गोळा दिसतो." तो स्वतःशीच हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं. दिवे बिघडले म्हटलं तर दुरुस्त करायला तू आहेस. डोळे बिघडले म्हटलं, तर माझी व्हॅन जाते."

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढीच मायाही. "मोतीबिंदू असला तर काढता येतो," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. ते हो म्हणेपर्यंत व्हॅन मी चालवणार. मुलांना सोडून आले की दुकान उघडेन."

"मुलं तुझं ऐकायची नाहीत."

"म्हणून तर तू शेजारी बसायचंस. भांडणं मिटवायला."

तो स्टिअरिंग सोडून उतरला, बॉनेटला चाचपत पुढून वळसा घालून गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. तिने एलईडी काढून हॅलोजन पुन्हा बसवले, स्क्रू होते तिथे फिरवले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून व्हॅन बाहेर काढली.

रस्त्यावर पिवळा उजेड पडला. तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. कडेचा खड्डा, सायकलवाला, वळणावरचा दगड.

"दिसतंय का नीट?" दादाने विचारलं. "त्याच बल्बांत?"

"त्याच बल्बांत."

दादाच्या घराशी आल्यावर तिने वेग अगदी कमी केला.

"फाटक आलं, दादा."

"चल पुढे," तो म्हणाला. "होईल ते बाजूला."