आत्याचा वास

सुकन्याच्या अंगाला एक वास यायचा, आणि तो बाईचाही नव्हता, बाप्याचाही नव्हता. नांदूरघाटच्या बाजारात ती उतरली की बायकांची नाकं आधी वर व्हायची आणि माना मागून वळायच्या. नुकती चिरलेली देवदाराची फळी, आणि शेजारच्या चुलीवर मिरी-लवंगा-दालचिनी करपायच्या बेतात आलेली, असा काहीतरी तो वास. धाकटा भाऊ हरिओम पुण्यात एका मोठ्या दुकानात सेंट विकायला उभा राहतो. त्यानंच ती काळी बाटली आणून दिली होती.

"आक्का, ह्यो बाईनं लावला तरी चालतंय, गड्यानं लावला तरी," तो म्हणाला होता. "पन शोभतो कुणाला, तर जे एकटं चालतंय, ज्याला कुणाची गरज न्हाई, त्याला. आमाला गिऱ्हाइकाला असंच सांगायला लावत्यात."

"मंग माज्यासाटीच केलाय की बे!" सुकन्या खदाखदा हसली होती.

खोटं नव्हतं ते. नवऱ्यानं हात उचलला त्या दिवशी सासर सोडलेली, डोक्याला उपरणं गुंडाळून आपली मेंढरं आपण राखणारी, कुणाच्या बापाला न भिणारी बाई होती ती. रोज सकाळी उपरण्यावर दोन फवारे मारायची आणि रानात निघायची. हाताला मात्र कधी लावायची नाही. कोकराला वास लागला की मेंढी त्याला जवळ घेत नाही, हे तिला सांगायला पुण्याचा माणूस लागत नव्हता.

तिच्या भावजयीला, म्हणजे दुसऱ्या भावाच्या, लखनच्या बायकोला, बबिताला, त्या वासाचं पहिल्यापासून वावडं. आणि आता तर त्या वासानं तिचा नुसता संताप संताप व्हायचा. कारण बबिताची लेक, अंजू, सगळा हंगाम त्या वासाला बिलगून वाढली होती.

बबिता आणि लखन दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. आदल्या साली पोर अंगावर पीत होती म्हणून बरोबर नेली, तर फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतल्या थंडीनं तिची छाती भरली, मरता मरता वाचली. म्हणून यंदा काळजावर दगड ठेवून बबितानं तिला नणंदेच्या ओटीत घातलं. तेव्हा अंजूला बोलताही येत नव्हतं. ती बोलायला शिकली ती इकडं, आणि बबिता तिकडं फडात मोळ्या बांधत होती. संध्याकाळी रेंज मिळाली की मोबाईलवर तोंड बघायचं, बस.

गुढीपाडव्याच्या पुढंमागं हंगाम संपला. लिंबागणेशला घरी जायच्या आधी दोघं लेकीला न्यायला आले. बबितानं जीपमधून उतरता उतरताच हात पसरले. पोरीनं बघितलं, आणि सुकन्याच्या मानेत तोंड खुपसून असा टाहो फोडला की शेजारची म्हातारी छबुबाई भाकरी टाकून धावत आली.

"अगं आई हाय ती! तुजी आई!" सुकन्या तिला थोपटत म्हणाली. "सांग बरं, आई कुटं हाय?"

अंजूनं हुंदके देत बोट दाखवलं. ते खाटेवरच्या मोबाईलकडं होतं.

छबुबाई हसली. लखनही हसला. बबिताला वाटलं, आत्ता भुई फाटावी आणि आपण गडप व्हावं. अरे, हसता काय मेल्यांनो! नऊ महिने पोटात वागवलेली पोर आईला काचेत शोधतेय, यात हसायचं काय होतं?

तिनं काय नाही केलं? खाऊ दिला, बांगड्या दिल्या, कारखान्याच्या बाजारातनं आणलेली बाहुली नाचवली. अंजूनं बाहुली घेतली आणि आत्याकडं पळाली. बबितानं बळंच उचललं तर पोर काळीनिळी पडली. लखन वैतागला.

"आजचा दिस बघ. उद्या सकाळच्याला जीप हाय. न्हाई आली तर ऱ्हाऊ दे आक्कापशीच. न्हाईतरी दिवाळीला परत जायचंच की."

"अवो, काय बोलता? लेकरू हाय का गठुडं, ठेवलं तितं ऱ्हायला?"

"मंग काय रडवत नेतीस? अशानं आजारी पडंल ती."

 आज ठेवली तर ही पोर कायमची गेली, एवढं बबिताला लख्ख कळत होतं.

तिन्हीसांजेला मेंढरांच्या वाड्यात एका मेंढीचं कोकरू दगावलं. दुसरं एक कोकरू आदल्या दिवशीच आईविना झालेलं, भुकेनं ओरडत होतं. सुकन्यानं मेल्या कोकराचं कातडं सोललं आणि त्या जित्याच्या पाठीवर अंगरख्यासारखं बांधलं. मेंढीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि निमूट उभी राहिली. कोकरू लुचायला लागलं.

"आन मंग कातडं काढल्यावर?" बबितानं विचारलं. 

"दोन-चार दिसांनी काढलं तरी काय फरक पडत न्हाई. तवर माया लागलेली असती."

बबिता त्या मेंढीकडं बघत तशीच बसून राहिली. इथं तर आई लेकराला ओळखत होती, लेकरूच आईला ओळखत नव्हतं. पण इलाज तोच असला तर?

सकाळी मेंढरं सोडायच्या वेळी सुकन्यानं डोक्याचं उपरणं काढलं आणि भावजयीच्या हातात दिलं. काळी बाटली आधीच कोनाड्यातून काढून खाटेवर ठेवलेली होती. तिनं बबिताच्या मनातलं कसं ओळखलं, देव जाणे.

"बोलू नकू. आवाजानं वळखंल," एवढंच म्हणाली, आणि उघड्या डोक्यानं रानात गेली. जाताना डोळे पुसत होती. ज्याला कुणाची गरज नाही म्हणे!

अंजू आत झोपली होती. बबितानं दार लोटून घेतलं. डोक्याला उपरणं गुंडाळलं, पदर कपाळावर ओढला, आणि मानेवर, गळ्यावर, छातीवर फवारे मारले. करपलेली लवंग, चिरलेलं लाकूड. वास नाकात शिरला तसं तिनं तोंड फिरवलं. हा माणूस मी नव्हे, तिला वाटलं. मला गरज आहे. माझ्याइतकी गरज या जगात कुणाला नसेल.

ती पोरीशेजारी आडवी झाली. जरा वेळानं अंजू चाळवली, आणि मिटल्या डोळ्यांनीच सरकत सरकत तिच्या मानेत येऊन घुसली. इवलं नाक गळ्यावर घासलं, हात छातीवर टाकला. बबिता श्वास रोखून पडून राहिली. उसाच्या पाल्यानं कापलेल्या हातांनी तिला पोटाशी धरलं. डोळ्यांतनं पाणी कानात जात होतं, पण हुंदका तिनं ओठ चावून आत दाबला. आली! माझी बाय, आली गं माझ्यापशी!

दाराच्या फटीतल्या अंधुक उजेडातच अंजू उठून तिच्या मांडीत बसली, पाठ तिच्या छातीला टेकवून, रोज आत्याच्या मांडीत बसायची तशी. मग झोपाळलेल्या आवाजात म्हणाली, "आत्या, आई दाव."

 आता काय करावं माणसानं? बाहेर लखननं हाक मारली, जीप आली म्हणून. तिनं मोबाईल घेतला, त्यात स्वतःचंच तोंड दिसेल असा कॅमेरा लावला, कपाळावरचा पदर आणि उपरणं मागं सारलं आणि मोबाईल पोरीसमोर धरला.

"आई!" अंजूनं टाळी वाजवली. पुढं वाकून तिनं काचेचा मुका घेतला.

"हां, बाळा," बबिता मोबाईलकडं बघून म्हणाली, फडातून रोज संध्याकाळी म्हणायची तसं. "येती का माज्याकडं?"

रोजच्यासारखीच अंजूनं मान हलवली.

"न्हाई. आत्याकडं हाय," ती म्हणाली, आणि मागं सरून बबिताच्या छातीवर निवांत रेलली.