भूम ते मुरुम: संघ उपाशी नव्हता

आम्ही बायकांनी वेळेवर स्वयंपाक केला नाही, गडी उपाशीपोटी मैदानात उतरले, म्हणून आमचा हुतूतूचा संघ मुरुमची फायनल हरला, असं तात्या पाटलाच्या नातवानं इंटरनेटवर लिहून ठेवलंय. खाली लोकांनी अंगठे दाखवून 'छान माहिती' असं म्हटलंय. माहिती म्हणे. त्या वर्षी ह्या नातवाचा बाप पाळण्यात मुतत होता, आणि हा आम्हाला चुलीचं शिकवतोय.

नमस्कार राहिला. तर नमस्कार. मी सोनाबाई. शाळा दुसरीपर्यंत. हे पान माझ्या नातीचं आहे, ती इथं किल्ले आणि घाटवाटा लिहिते. आज मी लिहिणार आणि ती मध्ये बोलणार नाही, असं ठरलंय. तुमच्यापैकी कुणाला भूमपासून मुरुमपर्यंत जिल्हा आडवा बघायचा असेल तर वाटेची माहिती पण देते, फुकट वाचू नका.

गाव आमचं भूमच्या अलीकडं. साल संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढचं. सुगी उरकली की जत्रा लागायच्या आणि जत्रा लागल्या की हुतूतूचे सामने, गावोगाव जिंकत गेलं की फायनल मुरुमला. आमचा संघ हौशी नव्हता. तात्या पाटील मंडळाचे अध्यक्ष. गड्याला हंगामाची ज्वारी, चपलाजोड आणि जिंकलं तर फेटा, असा करार होता. त्या बदल्यात गड्यानं दुसऱ्या गावाकडून खेळायचं नाही आणि तात्यांचा शब्द मोडायचा नाही.

आता बायका कशाला सोबत, हे ऐका. आदल्या वर्षी परांड्याकडच्या एका गावात आमचा संघ पाहुणा म्हणून गेला. यजमानांनी दुपारी पुरणपोळीची पंगत घातली. पाहुण्यानं ताट नाकारायचं नाही, ही आपल्याकडची रीत. वाढणारी तुपाचा तांब्या घेऊन फिरते, तुम्ही ताटावर हात आडवा धरता, ती हातावर ओतते, मग हात काढावाच लागतो. उन्हं कलल्यावर सामना. आमचे गडी शेतात आडव्या पडलेल्या पोत्यांसारखे. यजमान सकाळपासून ताकावर होते. तेव्हा तात्यांनी मारुतीसमोर नियम केला: यापुढं संघ परक्या घरचं जेवणार नाही, आपली चूल सोबत नेणार.

चूल म्हणजे मी आणि माझी चुलत सासू गोदाकाकू. गोदाकाकू विधवा, तोंडात कायम मिश्री, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. मी लग्न होऊन दोन वर्षं झालेली. आमचे हे पकडीला खेळायचे, आणि माझा धाकटा दीर नामा चढाईला. नामाचा दम असा की 'हुतूतू' सुरू केलं की समोरच्या गड्यांना वाटायचं हा आता संध्याकाळीच थांबणार.

भूमहून मोटारीनं बार्शी, तिथून छोट्या रुळांची गाडी येडशीला. ती गाडी गेली, आता मोठी धावते. तेव्हा डब्यात परात, तवा, ज्वारीचं पोतं आणि आम्ही दोघी एका कोपऱ्यात. पीठ नेलं नव्हतं, मुद्दाम. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. म्हणून दाणे न्यायचे आणि ज्या गावी उतरू तिथं कुणाचं तरी जातं मागायचं. म्हणजे गडी झोपलेले असताना आम्ही दळत होतो. हे नातवानं लिहिलेलं नाही.

येडशीला जाल तर रामलिंगला नक्की जा. दरीत उतरायच्या पायऱ्या आहेत, झाडी दाट आणि माकडं निर्लज्ज. पावसाळ्यात धबधबा असतो, आम्ही गेलो तेव्हा नुसता ओला दगड होता. हातात खायचं काही धरू नका. माझ्या ओच्यातला गूळ एका माकडिणीनं काढून नेला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला.

येडशीला पाटलिणीनं जेवणाचं आवतण दिलं, आम्ही नको म्हटलं. ती चुलीपाशीच आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का गं बायांनो, आमच्या घरात ईख-जहर शिजतंय का?"

गोदाकाकू भाकरी उलटत म्हणाली, "ईख न्हाय वो बाई, तूप हाय. आमाला त्येचंच भ्या."

पाटलीण रुसून गेली. सामना आम्ही जिंकला. सकाळी मुगाचं वरण, भाकर, लसणाची चटणी, नंतर खेळेपर्यंत फक्त गुळाचं पाणी. एवढंच औषध.

तिथून धाराशिव. कागदावर तेव्हा उस्मानाबाद असायचं, तोंडात आमच्या धाराशिवच होतं, सरकारला आत्ता सुचलं. तिथं एका रात्रीचा मुक्काम, एक सामना, तोही जिंकला. मग तुळजापूर. तुळजापुरात नामा पळत चुलीपाशी आला आणि पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेला बघितला. बातमी अशी होती की सोलापूरच्या एका गिरणीचा माणूस मुरुमच्या फायनलला येणार. गिरणीचा स्वतःचा संघ होता. आवडलेला एक गडी तो घेऊन जाणार, खेळायला संघात आणि पोटाला साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, कायमची नोकरी.

आमच्या घरात दोन भावांत एक कोरडवाहू तुकडा. एकाचं त्यात कसंबसं भागलं असतं, दोघांचं नाही. नामानं देवीच्या पायरीवर डोकं टेकवलं ते लवकर उचललंच नाही. गोदाकाकू म्हणाली, ऊठ आता, देवीला दुसरी पण कामं हायत.

नळदुर्ग लागतं मग. किल्ला बघायलाच पाहिजे, पाण्यातून बांधलेली भिंत आहे, आत जिना उतरून खिडकीत बसता येतं. लोक नर-मादी धबधब्याचं सांगतात. चैत्रात जाऊ नका, कोरडी भिंत बघून याल. श्रावणात जा. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारखीला ते पण नाही, तेव्हा गाडी भाड्यानं करून कुणाची घरं भरू नका. तर नळदुर्गला बोरी नदीच्या डोहात नामा तोंड बुडवून दम धरायचा आणि लतीफ काठावर बसून त्याला चिडवायचा.

लतीफ आमच्या संघातला दुसरा चढाईवाला. गावातल्या पिंजाऱ्याचा मुलगा, अंगानं किडकिडीत. नामाचा जिगरी. "मेला का रे?" असं दर थोड्या वेळानं विचारायचा. नामा वर येऊन म्हणायचा, "तुज्या आदी न्हाय." गिरणीची बातमी दोघांना माहीत होती. लतीफ स्वतःच म्हणाला होता की माणूस नामालाच नेणार, मी नुसता संख्या भरायला. नळदुर्गचा सामना ह्या दोघांनीच काढला.

उमरग्याहून मुरुमला बैलगाडीनं गेलो. काळी जमीन, बाजारपेठ मोठी, अर्धं बोलणं कानडी. उतरायला देवळाचा मंडप होता. पहाटे मी आणि गोदाकाकूनं दळलं, दिवस वर यायच्या आत भाकरीची चवड फडक्यात गुंडाळून ठेवली, वरणाचं पातेलं विस्तवावरून उतरवलं. वेळेवर. नातवा, ऐकतोस का, वेळेवर.

तेवढ्यात तात्या आले. अंगात नवा सदरा. म्हणाले, संघाचं जेवण आज मोठ्या सावकारांच्या वाड्यात आहे, सगळ्यांनी चलायचं.

मी तोंड उघडायची सोय नव्हती, तेव्हा सुना पाटलाशी बोलत नसत. गोदाकाकू उठली.

"तात्या, नियम तुमचाच व्हता. मारुतीसमोर."

तात्यांनी आवाज खाली आणला. "गोदाबाई, कुसुमसाठी ते घर बघतोय. सोयरिकीचं घर. पयल्याच आवतनाला ताट नाकारलं तर माजी लेक घरात बसंल."

"मग तुमी जेवा की. गड्यांनी न्हाय गेलं तर काय हुतंय?"

"संघ घेऊन आलोय म्हणून सांगितलंय."

म्हणजे गडी मिरवायचे होते. एवढा धिप्पाड संघ माझ्या शब्दात आहे, हे व्याह्याला दाखवायचं होतं. आमचे हे मान खाली घालून निघाले. नामा मागं वळून हळू म्हणाला, "वैनी, भाकर झाकून ठिवा. मी तितं दोन घास खातो अन् येतो."

सावकारांच्या अंगणात आड होता. मी घागर घेऊन पाण्याला गेले, खरं तर बघायला गेले. पंगत बसलेली. तिकडं पुरणपोळीला होळगी म्हणतात, आमच्यापेक्षा पातळ आणि ताटाएवढी. येळवणीची, म्हणजे कटाची आमटी, कुरडई, आणि तूप. सावकाराची बायको स्वतः वाढत होती, तांब्या घेऊन, गोड बोलत. नामानं ताटावर दोन्ही हात धरले. तिनं दोन्ही हातांवर ओतलं. नामानं तात्यांकडं बघितलं. तात्या हसून म्हणाले, "घे रं, लाजू नको, आपलंच घर हाय." तो खात राहिला. करारच तसा होता, शब्द मोडायचा नाही.

लतीफ त्या पंगतीत नव्हता. त्याला बाहेर ओट्यावर बसवलं होतं, वेगळी पत्रावळ, एक होळगी वरून टाकलेली. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. पत्रावळ त्यानं स्वतः उचलून टाकली आणि तसाच आमच्या मंडपात आला. गोदाकाकूनं त्याच्याकडं बघितलं आणि काही न विचारता भाकर-वरण वाढलं. आमच्या त्या दिवशीच्या भाकरी एकट्या लतीफनं खाल्ल्या. नामाची मी झाकून ठेवलेली तशीच राहिली.

चार वाजता सामना, मुरुमच्याच संघाशी. ऊन असं की जमिनीला हात लाववत नव्हता. गिरणीचा माणूस छत्री धरून खुर्चीवर बसलेला, पानाचा डबा मांडीवर. पहिलीच चढाई नामाची. त्यानं सुरुवात झकास केली, दोघांना शिवला, वळला, आणि मध्यरेषा हातभर राहिली तेव्हा त्याचा आवाज गेला. दम तुटला. तुटला म्हणजे कसा, घशाशी तूप आलं आणि तोंड मिटलं. त्याला धरायची गरजच पडली नाही. पुढच्या चढाईत तो मध्यरेषा ओलांडून चार पावलं गेला आणि गुडघ्यावर बसला. लोक हसले. आमचे हे पकडीला वाकायचे ते सरळ होताना पोटाला हात लावायचे.

राहिला लतीफ. एकटा धावत होता. चढाईमागून चढाई, गडी मारून आणत होता, आणि त्यानं आणलेले गुण आमचे बाकीचे बसल्या जागी घालवत होते. थोडक्यात हरलो.

छत्रीवाला उठला, सरळ लतीफपाशी गेला, खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या कुणाचं नाव पण विचारलं नाही. लतीफ माघारी वळून नामाला शोधत होता. नामा देवळामागं ओकत होता.

मला लतीफचा कधी राग आला नाही. ज्या घरानं त्याला ओट्यावर बसवलं त्याच घरानं नकळत त्याची नोकरी लावली, आणि ज्याला मानानं आत बसवलं त्याची घालवली. लतीफ जाताना नामाच्या गळ्यात पडून रडला. नामा त्याला एवढंच म्हणाला, "तितं तरी दोनदा माग, लाजू नको."

परतीच्या वाटेवर एकटे तात्याच बोलत होते. त्यांच्या मांडीवर नारळ आणि खण होता. कुसुमचं ठरलं होतं. उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, सगळी गावं उलटी आली, मी एकाही ठिकाणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

गावात आलो तर हरल्याचं कारण आमच्याआधी पोचलेलं. बायका सोबत होत्या, लक्ष नव्हतं, स्वयंपाकाला उशीर झाला. तात्यांनी हे कधी स्वतः म्हटलं नाही. पण कुणी म्हटलं तर 'तसं नव्हतं' असं पण म्हटलं नाही. गोदाकाकू मरेपर्यंत त्यांच्या दारावरून गेली नाही, पाण्याला लांबच्या आडावर जायची.

नामा पुन्हा मैदानात उतरला नाही. तुकडा दोन भावांत पुरला नाही, पुरणारच नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं खडी फोडली. भूमहून बार्शीकडं तुम्ही मोटारीनं जाल तेव्हा त्या रस्त्याच्या पोटात त्याची खडी आहे, आणि त्या धुळीनं त्याची छाती गेली. ज्याच्या दमावर गाव पैजा लावायचं तो शेवटी बाजेवरून उठून दारापर्यंत यायला मध्ये थांबायचा. मी जगले, भाकरी थापत राहिले, आणि आता वाचते की आम्ही गड्यांना उपाशी ठेवलं.

नातवाला मी काही विचारत नाही. त्यानं ऐकीव लिहिलं. पण कुसुम, तू आहेस अजून. त्या वाड्यात तू साठ वर्षं नांदलीस. तुझ्या लेकाच्या लग्नात तू मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतंस की तुझी सासू हसून सांगायची, पाहुण्यांच्या संघाला त्या दिवशी तिनं मुद्दाम वाढलं, मुरुमच्या संघानं जिंकावं म्हणून तुझ्या सासऱ्यानंच तसं आतून सांगितलं होतं, आणि तुझ्या वडलांना ते तिथंच कळलं होतं. तू सांगून डोळे पुसलेस आणि मला म्हणालीस, कुणाला बोलू नका. मी बोलले नाही. माणसं गेली, म्हटलं जाऊ दे.

आता मी बोलले. खाली कुणी अंगठे दाखवू नका आणि तात्यांच्या नातवानं एक अक्षर लिहू नये. ह्याचं उत्तर कुसुमनं द्यायचं. लिहिता येत नसेल तर सुनेला सांगायचं, पण बोलायचं तिनं, स्वतःच्या तोंडानं.