एकशे सतरा नंबरचं नाव

रविवारी सकाळी सहाला मी गडमुडशिंगीच्या अलीकडच्या एका छोट्या दूध संस्थेत उभी होते, आणि तेव्हापासून मला काही म्हणजे काही सुधरत नाहीये. म्हणून इथे लिहितेय... तुम्हीच सांगा.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर. कोल्हापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर लोकांशी भांडते. कोणती लँग्वेज चांगली, स्वच्छ कोड कशाला म्हणायचं, यावर माझी मतं फार ठाम असतात... असायची.

त्या संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे माझे मामा. तिथलं सॉफ्टवेअर ऐन गर्दीत अडकायचं, आणि ज्याने ते लिहिलं तो केव्हाच बेंगळुरूला गेलेला. मामा म्हणाले, "एवढी शिकलीयास, बघ की जरा." मग काय, बसले बघायला.

काम तसं साधं. सभासदाने दूध ओतलं की त्याचा नंबर, नाव, लिटर आणि फॅट स्पीकरवरून मोठ्याने बोललं जातं, म्हणजे रांगेत कुणाच्या मनात शंका नको. पण कोडमध्ये मधेच एक ओळ होती... नंबर ११७ असेल तर नाव बोलायचं नाही, फक्त नंबर. शेजारी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत, एक नोट : 'असू दे'.

आता एका माणसासाठी असा नंबर कोंबून ठेवणं म्हणजे आमच्या धंद्यात अगदीच अडाणी काम. मी लगेच स्क्रीनशॉट काढून आमच्या प्रोग्रामर लोकांच्या ग्रुपवर टाकला... "ओळखा पाहू, या ११७ ने डेव्हलपरचं काय घोडं मारलं असेल?" नुसती झुंबड उडाली. कुणी म्हणालं एक्स असणार, कुणी म्हणालं होणारा सासरा.

एकाने मात्र लिहिलं, "काढण्याआधी तिथल्या कुणाला तरी विचारा." त्याला मी चांगलंच झापलं. ओळ का लिहिली ते कोडमध्येच दिसलं पाहिजे, त्यासाठी गावभर विचारत फिरायचं नसतं, वगैरे... सगळ्यात जास्त लाइक्स माझ्या त्या उत्तराला.

आणि ती ओळ काढून टाकली. मामांना फोन करायला दोन मिनिटं लागली असती. नाही केला.

तर रविवारी सकाळी नवीन व्हर्जन पहिल्यांदाच चालू होणार होतं, ते बघायला गेले होते. मशीन अजिबात अडकत नव्हतं, मी चहा घेत ऐटीत उभी. तेवढ्यात पंचावन्न-साठच्या एक आक्का किटली घेऊन आल्या, दूध ओतलं, आणि स्पीकर बोलला... "एकशे सतरा. सागर बापूसो पाटील. चार लिटर दोनशे. फॅट सात." (नाव बदललंय.)

आक्कांची किटली हातात तशीच तिरकी राहिली. मामा खोलीतून बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय केलंस गं तू?" माझे मामा कधी हळू बोलत नाहीत, त्यामुळे मी तिथंच घाबरले.

मग त्यांनी सांगितलं. सागर म्हणजे आक्कांचा मुलगा. म्हैस त्यानेच आणलेली, म्हणून खातं त्याच्या नावावर. दोन वर्षांपूर्वी तो गाडीवरून येताना अपघातात गेला, आणि मशीन मात्र सकाळ-संध्याकाळ त्याचं नाव घेत राहिलं. म्हणून ती ओळ.

"आक्का, पाच मिनिटं द्या, लगेच बंद करते," म्हणत मी बॅगेतून लॅपटॉप काढला. पासवर्ड दोनदा चुकला... रोजचा पासवर्ड.

आक्का पदराला हात पुसत जवळ आल्या. "नगं," म्हणाल्या. "असू दे. तवा मीच सांगितलतं बंद करा म्हणून. सोसत नव्हतं. पर आता घरात कोण त्येचं नावच काढत न्हाय... मी रडीन म्हणून."

त्यांनी किटली उचलली, दोन पावलं गेल्या आणि वळून विचारलं, "सांजच्याला बी बोलंल न्हवं त्ये?"

मी मानेनंच हो म्हटलं.

आता सांगा, यात बग कुठला? ज्याने ती ओळ लिहिली त्याचं बरोबर होतं. विचारा म्हणणाऱ्याचंही बरोबर. चुकले ती मी, लाइक्स मिळवणारी... आणि माझी चूक दुरुस्त करायची नाही, हे आक्कांनी ठरवलंय. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या कोडबद्दल मतच नाहीये.

ग्रुपवर वाद अजून चालूच आहे. एकाने विचारलं, "शेवटी काढली का ती ओळ?" मी चार वेळा टाइप केलं आणि चार वेळा पुसलं. ज्याला झापलं होतं त्याला फक्त सॉरी म्हणून मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला... त्याला तरी काय कळणार म्हणा.

त्या ओळीच्या जागी मी एक नोट लिहून ठेवलीय : '११७ चं काहीही बदलायचं असेल तर आधी आक्कांना विचारा.' खाली कोड काहीच नाही, नुसती नोट. उद्या कुणीतरी तिचाही स्क्रीनशॉट काढून हसेल. हसू दे.

त्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. आक्का म्हणे रांग लागायच्या कितीतरी आधी येऊन स्पीकरखाली बसल्या होत्या. एवढ्या लवकर का, ते मामांनी विचारलं नाही... आणि मीही नाही.