उंडीवरचा गरुड आणि रविवारचं वाचन

वाचनालयात पुस्तकांवर धूळ साचते म्हणतात. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मुरूडच्या आमच्या वाचनालयात धुळीच्या आधी किस्से साचले. मी शाळेत शास्त्र शिकवायचो आणि रविवारी सकाळी कोळीवाड्यातल्या मंडळींना वाचनालयाच्या ओट्यावर गोष्टी वाचून दाखवायचो. ते जाळी दुरुस्त करत ऐकायचे.

एकदा कादंबरीत पुनवेच्या भर दुपारी ओहोटी लागून गलबत चिखलात रुतलं. आमच्यातला सगळ्यात जुना नावाडी धर्मा तांडेल सुई खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, पुनवेच्या दुपारी भरती असते. या लिवनाऱ्याला एकदा माज्या होडीत पाठव."

पुढच्या पुनवेला मी सगळा वर्ग धक्क्यावर नेला. पाणी वरच्या पायरीला लागलेलं! तेव्हापासून शास्त्राच्या तासाला भरती-ओहोटीची वही आली, तीही एका चुकलेल्या कादंबरीमुळे.

मराठीच्या कुमुदबाई बगळ्याच्या ढोंगीपणावरची कविता शिकवायच्या. एक दिवस खरं-खोटं बघायला छत्री घेऊन खाडीवर जाऊन बसल्या. परत येऊन स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "ढोंगी कसला? दोन तास हलला नाही, पण सात मासे पकडले. आपले हेडमास्तरही दोन तास हलत नाहीत, पण..."

हेडमास्तर दारातच उभे होते. म्हणाले, "पण मासे मिळत नाहीत. बोला, बोला."

धर्माचा एक किस्सा आठवला की मात्र अजून बरं वाटतं. त्याची होडी गळायला लागली होती. नवीच्या लाकडासाठी त्यानं उंडीचं झाड विकत घेतलं. त्याच्या शेंड्यावर समुद्री गरुडाचं घरटं, घरट्यात दोन पिल्लं. मी परोपरीनं विनवलं. "होडी न्हाय तर खाऊ काय?" तो म्हणाला.

म्हणून रविवारी मुद्दाम गरुडाचीच गोष्ट काढली. लाकूडतोड्यानं कुऱ्हाड उचलली, तिथे प्रकरण संपलं. धर्मा म्हणाला, "फुडं काय व्हतं ते ऐकतो, मग तोडतो."

घरी येऊन पुढचं पान उघडलं, तर झाड पडतं! पुढच्या रविवारी पुस्तक समोर धरून मी चक्क थापा मारल्या. लाकूडतोड्या थांबला, पिल्लं उडाल्यावरच परत आला, वगैरे.

सगळे उठून गेले, धर्मा बसून राहिला. "मास्तर, माज्या सुनेनं ते पुस्तक कवाच वाचलंय. झाड पडतं त्यात."

मी पुस्तक मिटलं.

"फुडल्या रविवारी पन आजचंच वाच," जाळं गोळा करत तो म्हणाला. "पिल्लं उडंपर्यंत."